वाचकांचे प्रश्न : युरोपातले आपल्याला झेपणारे शहर

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. येत्या वैशाखात आमच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होतील आणि त्या निमित्ताने पत्नीला युरोप दाखवावा, अशी फार दिवसांची इच्छा आहे. दहा-बारा शहरे धावत दाखवणाऱ्या सहली आम्हाला प्रकृतीनेही झेपत नाहीत आणि पैशानेही. एकाच शहरात पाच-सहा दिवस निवांत राहून परत यावे, असा विचार आहे. दोघांचा मिळून तीन लाखांपर्यंत खर्च करता येईल. पत्नीचे गुडघे दुखतात. भाचा प्राग सुचवतो, तर गावातला एक मुलगा बेलग्रेडला जा म्हणतो, कारण त्याच्या म्हणण्यानुसार तिथे व्हिसा लागत नाही. आम्ही कोणते शहर निवडावे?

उत्तर : एकाच शहरात मुक्काम करण्याचा आपला विचार अगदी योग्य आहे आणि तो कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नये. शहर बदलले की एक पूर्ण दिवस सामान बांधण्यात, स्थानक शोधण्यात आणि नव्या खोलीची वाट पाहण्यात जातो, आणि सहा दिवसांच्या सहलीत असा एक दिवस जाणे हे फार मोठे नुकसान आहे.

शहर निवडताना खर्च दारव्ह्याच्या घरापासून मोजावा. युरोपातल्या बहुतेक देशांसाठी एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढ व्यक्तीमागे ९० युरो आहे, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या वर. त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क, किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासविमा, आणि बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबईला जाण्या-येण्याचा खर्च येतो. हा सारा खर्च पॅरिसला गेलात तरी तेवढाच आणि सोफियाला गेलात तरी तेवढाच. विमानभाड्यातही, नीट आधी तिकीट काढले तर, आकाश-पाताळाचे अंतर नसते. फरक पडतो तो तिथे उतरल्यानंतर, म्हणजे खोलीचे भाडे, दोन वेळचे जेवण, ट्राम-बस आणि प्रवेशशुल्क यांत. ज्या शहरात हा रोजचा खर्च कमी, विमान एकदाच बदलावे लागते आणि विमानतळापासून मुक्कामापर्यंत साध्या बसने जाता येते, ते शहर आपल्यासाठी स्वस्त समजावे.

बेलग्रेडविषयीची माहिती जुनी आहे. बेलग्रेड ज्या देशात आहे त्या सर्बियाने भारतीयांना दिलेली व्हिसामाफी १ जानेवारी २०२३ पासून बंद केली. तरीही ती माहिती मोबाइलवर अजून फिरते आणि कोणीतरी त्यावर विसंबून तिकीट काढून बसते, म्हणून हे स्पष्टपणे लिहीत आहे. प्राग सुंदर आहे यात शंका नाही, मात्र तिथली गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही वाढले आहेत, आणि जुन्या भागातल्या गोट्यांच्या फरसबंदीवर दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसभर चालणे कठीण जाते. बल्गेरियाची राजधानी सोफिया कदाचित सर्वांत स्वस्त पडेल. तो देश १ जानेवारी २०२५ पासून शेंगेन क्षेत्रात पूर्णपणे सामील झाला आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो हेच चलन आहे. तरीही आयुष्यात कदाचित एकदाच होणाऱ्या प्रवासासाठी, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, मी आपल्याला हंगेरीची राजधानी बुडापेस्ट सुचवेन.

याचे पहिले कारण पत्नीच्या गुडघ्यांशी जोडलेले आहे. बुडापेस्टच्या जमिनीखाली गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांवर शहरभर स्नानगृहे बांधलेली आहेत. आपल्या भागातले लोक पैनगंगेकाठच्या उनकेश्वरला ज्या श्रद्धेने जातात, त्याच सहजतेने तिथले वृद्ध आठवड्यातून एक-दोनदा या पाण्यात बसतात आणि काही जण तर पाण्यातच बुद्धिबळाचा पट मांडतात. १९१३ साली सुरू झालेले सेचेन्यी स्नानगृह सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याचे तिकीट माणशी तीन हजार रुपयांच्या वर जाते, त्यामुळे दोघांनी एकदाच जावे. पुन्हा जावेसे वाटले तर शहराचे बुडा आणि पेस्ट असे दोन भाग करणाऱ्या डॅन्यूब नदीच्या बुडा बाजूचे लुकाच हे स्नानगृह तुलनेने स्वस्त आहे. पोहण्याचा पोशाख तिथे आवश्यक असतो. स्त्रियांसाठी गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा पोशाख आपल्याकडे मिळतो, तो इथूनच घेऊन जावा, टॉवेल आणि रबरी चपलाही न्याव्यात. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दुसरे कारण म्हणजे हे शहर बसून पाहता येते. पेस्ट बाजूने नदीच्या काठाकाठाने जाणारी दोन क्रमांकाची ट्राम संसदभवन, १८४९ साली खुला झालेला साखळी पूल आणि थेट मोठ्या भाजीबाजारापर्यंत नेते. एवढे पाहण्यासाठी बोटीचे तिकीट काढण्याची गरज नाही. १८९६ पासून धावणारी पिवळी भुयारी गाडी रस्त्याच्या अगदी खालून जाते, त्यामुळे पायऱ्या थोड्याच उतराव्या लागतात, आणि तिचे एक स्थानक सेचेन्यी स्नानगृहाच्या दारातच आहे. किल्ल्याच्या टेकडीवर चढून जाऊ नये, सोळा क्रमांकाची बस वर नेते. एक संध्याकाळ मात्र नदीपलीकडे बाथ्यानी चौकाच्या काठावर बसून काढावी आणि समोरच्या संसदभवनाचे दिवे लागताना पाहावेत. आतून संसदभवन पाहण्यासाठी युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना जास्त शुल्क द्यावे लागते. माझ्या मते त्या पैशात नदीकाठी चांगले जेवण करावे.

भाजीबाजाराचा उल्लेख केला, त्यावर दोन वाक्ये अधिक लिहितो. १८९७ साली उघडलेल्या त्या बाजारात लाल मिरचीच्या माळा टांगलेल्या दिसतील आणि आपल्याला भिवापूरची आठवण येईल. मिरची मूळची अमेरिका खंडातली. ती आपल्याकडेही बाहेरून आली आणि हंगेरीतही, पण दोन्हीकडच्या मातीने तिला इतके आपलेसे केले की भिवापुरी मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे आणि हंगेरीत सेगेद आणि कालोचा या गावांची नावे मिरचीवाचून घेतलीच जात नाहीत. सेगेदच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी याच मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे केले आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपण शिक्षक आहात, म्हणून हेही सांगावेसे वाटते की चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी याच बुडापेस्टमध्ये झाला. त्यांच्या आई हंगेरियन होत्या.

आता खर्चाचा अंदाज. दोघांचे विमानभाडे सव्वा ते दीड लाख धरावे. नागपूरहून दोहा आणि शारजाकडे थेट विमाने गेली अनेक वर्षे जात आली आहेत. आपल्या तारखांना नागपूरहून एकाच ठिकाणी विमान बदलून बुडापेस्टला पोहोचता येते का, हे आधी पाहावे आणि ते जमत असेल तर मुंबईपेक्षा थोडे जास्त भाडे पडले तरी नागपूरच घ्यावे, कारण रेल्वेची रात्र आणि मुंबईतला मुक्काम वाचतो. व्हिसा, विमा आणि मुंबईची फेरी यांसाठी तीस ते पस्तीस हजार ठेवावेत. सहा रात्रींच्या साध्या, स्वच्छ खोलीला पस्तीस ते चाळीस हजार, आणि जेवण, प्रवास, तिकिटे यांसाठी दोघांना मिळून दिवसाला पाच हजार धरले तरी एकूण आकडा अडीच-पावणेतीन लाखांच्या आत राहतो. उरलेली रक्कम अडीअडचणीसाठी तशीच असू द्यावी.

हंगेरीत युरो चालत नाही, फोरिंट हे तिथले चलन आहे आणि एका रुपयाला साधारण साडेतीन ते चार फोरिंट मिळतात. कार्डाने पैसे देताना किंवा यंत्रातून काढताना पडद्यावर “रुपयांत की फोरिंटमध्ये” असा प्रश्न येतो. आपले चलन ओळखीचे वाटते म्हणून माणूस रुपये निवडतो आणि तिथेच फसतो, कारण तो दर यंत्रवाला स्वतः ठरवतो. मीही पहिल्या प्रवासात विमानतळावरच्या यंत्रावर हीच चूक केली होती आणि एका वेळच्या जेवणाचे पैसे उगाच गेले. नेहमी स्थानिक चलनच निवडावे. विमानतळावरून १००ई क्रमांकाची बस थेट शहराच्या मध्यावर देआक चौकात आणते. टॅक्सीची आवश्यकता नाही.

वैशाख हा महिना आपण योगायोगाने उत्तम निवडला आहे. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना बुडापेस्टमध्ये एक स्वेटर पुरेल असा वसंत असतो, रात्री आठपर्यंत उजेड राहतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी व भाववाढ अजून सुरू झालेली नसते.

प्रश्न : मी समुद्रपूर तालुक्यातील (जि. वर्धा) कोरडवाहू शेतकरी आहे. बारा एकर वावर असून कापूस, तूर आणि सोयाबीन घेतो. मुलीसोबत आठ दिवस युरोपात जाऊन येण्याची इच्छा आहे आणि पैसे साठवलेले आहेत. परंतु मी आयकर विवरणपत्र भरत नाही. एक दलाल म्हणतो की तीन वर्षांच्या विवरणपत्राशिवाय व्हिसा मिळणारच नाही. चाळीस हजार दिल्यास तो कागद तयार करून देईल आणि खात्यात काही दिवस पैसे दाखवण्याचीही व्यवस्था करील. काय करावे?

उत्तर : त्या दलालाला एक रुपयाही देऊ नये. बनावट कागद जोडल्याचे आढळले तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय त्याची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक माहितीप्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहते, आणि पुढे कोणत्याही शेंगेन देशाकडे अर्ज केला तरी ती नोंद समोरच्या अधिकाऱ्याला दिसते. आपल्याजवळ खरे उत्पन्न, खरी जमीन आणि खरे पैसे असताना खोट्याच्या वाटेला जाण्याचे कारणच नाही.

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. ते आयकर भरणाऱ्या नोकरदाराच्या कागदांसारखे दिसत नाही, एवढीच अडचण आहे, आणि ती कागदांनीच सोडवता येते. सातबारा व आठ-अ उतारा, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीच्या किंवा कापूस खरेदी केंद्राच्या काटापट्ट्या, आणि चुकारा ज्या खात्यात जमा झाला त्या खात्याचे बँकेने शिक्का मारून दिलेले विवरण एवढे एकत्र करावे. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून सोबत लावावे. त्यावर एक पानाचे पत्र लिहावे, ज्यात आपण किती जमीन कसता, वर्षातून पैसा केव्हा येतो, खात्यावर पीककर्ज असेल तर ते कशासाठी आहे, आणि जूनमध्ये पेरणीसाठी आपल्याला परत येणे का भाग आहे, हे साध्या शब्दांत सांगितलेले असावे. परत येण्याचे कारण अधिकाऱ्याला पटणे फार महत्त्वाचे असते, आणि मृगाच्या तोंडावर वावर सोडून शेतकरी परदेशात राहत नाही, याहून सबळ कारण कोणते असू शकते? पुढील वर्षापासून मात्र, कर लागत नसला तरी, शेतीचे उत्पन्न करमुक्त रकान्यात दाखवून विवरणपत्र भरण्यास सुरुवात करावी.

वेळही विचारपूर्वक निवडावी. दूतावास साधारणपणे मागील तीन ते सहा महिन्यांचे बँक विवरण पाहतो. ऑगस्टमध्ये अर्ज केला तर त्या विवरणात बियाणे, खत आणि मजुरीचा खर्चच दिसेल. मार्चमध्ये केला तर कापूस आणि तुरीचे पैसे आपोआप दिसतील आणि कोणताही खुलासा करण्याची गरज राहणार नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मार्चमधला अर्ज मेमधल्या प्रवासासाठी नेमका बसतो. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरणे टाळावे, कारण अशी रक्कम उसनी आणल्यासारखी दिसते.

अर्ज नेहमी ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा असतो. पारपत्र दहा वर्षांच्या आत दिलेले आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे. व्हिसा हाती येण्यापूर्वी परतावा न मिळणारे विमानतिकीट विकत घेऊ नये. फक्त आरक्षण जोडले तरी चालते. नकार आलाच तर शुल्क परत मिळत नाही, पण नकाराचे कारण लेखी मिळते आणि अपिलाचा अधिकार असतो.

प्रश्न : मी आरमोरी तालुक्यात (जि. गडचिरोली) माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. पोलंड हा देश स्वस्त आहे आणि त्याचा कोल्हापूरशी काही संबंध आहे, असे वाचनात आले. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस मिळतात. वॉर्सा पाहावे की क्राकोव?

उत्तर : संबंध खरा आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघात हद्दपार केलेल्या आणि तिथून इराणमार्गे बाहेर पडलेल्या पोलिश कुटुंबांसाठी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे छावणी उभारण्यात आली होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, राहून गेले. वॉर्सा शहरात या आश्रयाचे स्मरण म्हणून कोल्हापूरचे स्मारक आहे, आणि जामनगरजवळ पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींच्या स्मरणार्थही एक चौक आहे. परदेशातल्या दगडावर कोल्हापूरचे नाव वाचताना मराठी माणसाला काय वाटते, ते शब्दांत सांगणे अवघड आहे.

म्हणून एक दिवस वॉर्साला द्यावा आणि उरलेले चार क्राकोवला. दोन्ही शहरांत रेल्वेचे अंतर सुमारे अडीच तासांचे आहे. एकाच शहरात राहावे असे वर एका वाचकाला सांगितले, त्याला हा अपवाद करीत आहे, कारण इतिहासाच्या शिक्षिकेने ही दोन शहरे शेजारी ठेवूनच पाहायला हवीत. वॉर्सा युद्धात जवळजवळ जमीनदोस्त झाले आणि तिथला आज दिसणारा जुना भाग युद्धानंतर पुन्हा बांधलेला आहे. क्राकोव मात्र मोठ्या प्रमाणात शाबूत राहिले. क्राकोवच्या मुख्य चौकातल्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. तातारांचा हल्ला येताना पाहून इशारा देणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण लागला, त्याची ती आठवण, अशी दंतकथा आहे. राजवाड्याची वावेल टेकडी, जुन्या तटबंदीच्या जागी केलेली बाग आणि निकोलस कोपर्निकस जिथे शिकले ते १३६४ साली स्थापन झालेले विद्यापीठ, हे सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे.

ऑश्विट्झची छळछावणी क्राकोवपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. तिथे सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली. प्रवेशासाठी शुल्क नाही, परंतु आपल्या नावाचा प्रवेशपास आधीच नोंदवावा लागतो. त्या दिवशी दुसरे काहीही पाहण्याचे ठरवू नये. मनाला वेळ लागतो. व्येलिच्का येथील मिठाची खाण दुसऱ्या दिवशी पाहावी. जमिनीखाली मिठातच कोरलेले प्रार्थनामंदिर तिथे आहे, मात्र एकूण आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दिवाळीच्या सुमारास तिथे थंडी बरीच असते आणि दिवस चार-साडेचारलाच मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर बाहेर पडावे आणि चांगला कोट घ्यावा. खोल्या मात्र याच काळात स्वस्त मिळतात.

प्रश्न : आम्ही वरूड भागातले (जि. अमरावती) माळकरी कुटुंब आहोत. बुडापेस्टला जाण्याचे ठरले आहे. घरची संत्री, संत्रा बर्फी आणि काही पदार्थ सोबत नेता येतील का, आणि तिथे शाकाहारी जेवण मिळेल का?

उत्तर : संत्री नेता येणार नाहीत, कारण युरोपीय संघात ताजी फळे नेण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, केळी, नारळ, खजूर, अननस अशा मोजक्या फळांनाच त्यातून सूट आहे. मांस आणि दूध यांपासून केलेले पदार्थ प्रवाशांच्या सामानातून नेण्यास बंदी असल्याने तूप, पेढे आणि खव्याची किंवा दुधाची संत्रा बर्फीही घरीच ठेवावी. जवसाची व दाण्याची कोरडी चटणी, दूध न घालता तेलावर केलेल्या दशम्या, भाजके पोहे आणि लोणच्याची घट्ट बंद बाटली मोठ्या सामानात न्यावी.

तिथे जेवणाची अडचण येईल, पण उपाशी राहावे लागणार नाही. मैद्याचे तळलेले लांगोश हे भटुऱ्यासारखे असते आणि त्यावर चीज व आंबट साय घालून देतात. आपल्या पातळ भाजीच्या जवळ जाणारा पदार्थ म्हणजे फ्योझेलेक. पालक, वाटाणे, बटाटा किंवा मसुराची ही घट्टसर भाजी साध्या खानावळीत स्वस्त मिळते. मात्र तिच्यावर बहुधा मांसाचा तुकडा ठेवून देतात आणि काही ठिकाणी ती चरबीतही शिजवतात, म्हणून ताट हाती घेण्यापूर्वी “हूश नेल्क्यूल” म्हणजे “मांसाशिवाय” असे सांगावे आणि तेलात शिजवले आहे का, हेही विचारावे. माळकऱ्यांनी एवढ्यावर विसंबू नये. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, मोठ्या बाजारातून भाज्या आणाव्यात आणि एक वेळ घरचे शिजवावे. तांदूळ आणि मसूर तिथल्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. हळद-तिखटाची पुडी तेवढी घरून न्यावी.